बॉस, फील्ड ड्राय पाहिजे!

ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? सिनेमे बघून तुम्ही म्हणाल, 'सिस्टर, कात्री!' किंवा घाम पुसत म्हटलेलं 'आय अ‍ॅम सॉरी'. छे हो! निदान नाकाच्या ऑपरेशनला तरी ते वाक्य असतं, 'मॅडम, प्रेशर किती आहे?'

हा प्रश्न नसतो, मंडळी. ही तक्रार असते. सर्जनला समोरच्या स्क्रीनवर लाल-लाल दिसायला लागलंय, त्याचा मूड ऑफ झालाय आणि ह्याला जबाबदार पेशंटच्या डोक्याशी बसलेली ही भूल देणारी बाई आहे, असा त्या चार शब्दांचा अर्थ. मी शांतपणे मॉनिटर वाचून दाखवते. मग पुढचं वाक्य येतं, 'थोडं खाली आणता येईल का?' आणि तिसरं, जरा लाडीगोडीने, 'बॉस, फील्ड ड्राय पाहिजे!'

फील्ड म्हणजे काम चाललंय ती जागा. ड्राय म्हणजे कोरडी, रक्त न साचलेली. ती कोरडी ठेवायला सर्जनच्या हातात जेवढं आहे, तेवढंच, कधी कधी त्याहून जास्त, माझ्या सिरिंजमध्ये असतं. झोपेच्या औषधाने रक्तस्राव कमी होतो, हे ऐकून माझ्या ओपीडीत बसलेले भलेभले इंजिनीअर भुवया उंचावतात. म्हणून आजचा कॉलम नाक, झोप आणि रक्त ह्या त्रिकूटावर. (ज्यांना रक्ताचं नाव काढलं की कसंसंच होतं, त्यांनी चहा पिऊन झाल्यावर वाचावं.)

आधी एक जुनी खाज भागवून घेते. 'मला सायनस आहे' म्हणणारे लोक मला रोज भेटतात. ऑफिसचा एसी, रस्त्याची धूळ, मेट्रोच्या कामाचा खकाणा, सगळं मान्य. पण अहो, सायनस सगळ्यांनाच असतात! चेहऱ्याच्या हाडांतल्या त्या हवेने भरलेल्या पोकळ्या आहेत. गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि अगदी मागे कवटीच्या तळाशी. त्यांची दारं नाकात उघडतात. दार सुजून बंद झालं किंवा दारात पॉलिप नावाचे द्राक्षासारखे मऊ गोळे वाढले, की आत पू साचतो, डोकं जड होतं, वास जातो आणि मीटिंगमध्ये तुम्ही 'मी' म्हणता ते समोरच्याला 'बी' ऐकू येतं.

औषधांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन. ऑस्ट्रियात ग्राझच्या मेसरक्लिंगरसाहेबांनी दुर्बिणीने नाकाच्या आत नीट बघायला शिकवलं, त्यांचे शिष्य स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी ऐंशीच्या दशकात ते तंत्र जगभर नेलं. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही हे ऑपरेशन होतं. चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण एका नाकपुडीतून आत जाते, तिच्या शेजारून चिमटा किंवा शेव्हर, आणि समोर टीव्हीवर सगळं मोठ्ठं दिसतं. बाहेर टाका नाही, कापल्याची खूण नाही. एकदम स्मार्ट काम!

पण जागा? बिल्डरने दोन फ्लॅटच्या मध्ये घातलेली चार इंची भिंत आठवा, जिच्यातून शेजारच्यांची सीरियल ऐकू येते. डोळा आणि सायनस यांच्या मधली भिंत त्याहून कितीतरी पातळ; तिचं लॅटिन नावच मुळी 'कागदी पत्रा' अशा अर्थाचं आहे. वरच्या बाजूला चाळणीसारखं हाड आणि त्याच्यावर डायरेक्ट मेंदू. मागे डोळ्याकडून येणारी नस आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी. नाकाच्या अस्तराला रक्त मिळतं तेही दोन-दोन लाइनींवरून, मेंदूकडे जाणारी एक आणि चेहऱ्याकडे जाणारी दुसरी. थोडक्यात, गळका नळ आणि कागदाच्या भिंती.

गंमत अशी, की इथे एकूण रक्त फार जात नाही. बहुतेक वेळा चहाचे एक-दोन कप, अंगातल्या पाच लिटरपुढे ते काहीच नाही. त्यासाठी रक्ताची बाटली लावायची वेळ सहसा येत नाही. प्रॉब्लेम वेगळाच आहे. दुर्बिणीच्या काचेवर एक थेंब पडला, की सर्जन आंधळा. स्कूटर चालवताना हेल्मेटच्या काचेवर शेजारच्या बसने चिखल उडवावा, तसं. अशा वेळी शहाणा माणूस ब्रेक मारतो. पण थांबून-थांबून तासाचं काम तीन तासांवर जातं, आजार अर्धवट काढला जातो, आणि अंदाजाने चिमटा पुढे नेला तर कागदी पत्र्यापलीकडे डोळा आहेच.

आता रक्त कमी करायचं म्हणजे काय करायचं? सोपं उत्तर, ब्लडप्रेशर पाडा. हे उत्तर फार जुनं आहे. १९४६ साली गार्डनर नावाच्या अमेरिकन सर्जनने चक्क पेशंटच्या रोहिणीतून रक्त काढून बाजूला ठेवलं, प्रेशर पडलं, मेंदूतली गाठ काढली आणि मग तेच रक्त परत दिलं! वाचताना माझ्याच पोटात गोळा येतो. नंतर प्रेशर पाडणारी औषधं आली, नळ सैल सोडावा तसे रक्तवाहिन्या सैल सोडणारी. मॉनिटरवर आकडा मस्त खाली, आणि तरीही सर्जन ओरडतोय, 'लाल आहे!'

ह्याचा छडा लागायला बराच वेळ लागला. १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोएझार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायनसच्या पेशंट्समध्ये प्रेशर दोन पद्धतींनी खाली आणून बघितलं. एका गटात रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, दुसऱ्या गटात हृदयाचे ठोके कमी करणारं. ठोके कमी करणाऱ्या गटात मैदान जास्त कोरडं निघालं, तेही प्रेशर फारसं न पाडता. म्हणजे फंडा प्रेशरचा कमी आणि प्रवाहाचा जास्त आहे. वाहिन्या रुंद झाल्या, की प्रेशर पडलं तरी नाकाच्या अस्तरातल्या बारीक केशवाहिन्या रक्ताने टंच भरतात. हृदय घाबरून आणखी जोरात पंप मारतं. ठोका संथ झाला, वाहिन्या फुगल्या नाहीत, तर रक्त झिरपतं कमी. त्याच टीमची मोजपट्टी आम्ही आजही वापरतो: शून्य म्हणजे एक थेंब नाही, दोन म्हणजे अधूनमधून सक्शन, चार म्हणजे सक्शन काढलं की लगेच तळं, आणि पाच म्हणजे रक्त काढण्यापेक्षा येण्याचा वेग जास्त, आवरा दुकान.

आणि इथे आमची झोपेची औषधं एन्ट्री घेतात.

पहिलं, प्रोपोफॉल. दुधासारखं पांढरं इंजेक्शन, कारण ते सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घोटलेलं असतं. शोधलं जॉन ग्लेन यांनी; हे गृहस्थ मुळात जनावरांचे डॉक्टर! २०१८ मध्ये त्यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. मायकल जॅक्सन २००९ मध्ये ज्या औषधाने गेला ते हेच. त्याच्या घरच्या बेडरूममध्ये, झोप यावी म्हणून, आणि ज्या डॉक्टरने दिलं त्याला २०११ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. तेव्हापासून अनेक पेशंट विचारतात, 'मॅडम, ते मायकलवालं नाही ना देणार?' तेच देणार आहे, राजा. फरक एवढाच, की मी तुझ्या उशाशी श्वास मोजत बसलेली असते.

भूल वासाची म्हणजे गॅसची देता येते किंवा शिरेतून पंपाने सतत. गॅस चांगलाच आहे, पण तो रक्तवाहिन्या रुंद करतो. पंपातून प्रोपोफॉल दिलं, तर तो फुगवटा कमी असतो, म्हणून नाकवाल्या सर्जनांचं त्याच्यावर प्रेम. आता खरं सांगू? हे प्रेम पुराव्यापेक्षा थोडं जास्तच आहे. २०१६ मध्ये कोक्रेनने, म्हणजे अभ्यासांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी, प्रोपोफॉलने प्रेशर खाली ठेवण्याचा हिशेब मांडला. निष्कर्ष: मैदान सुधारतं, पण थोडंसंच, एकूण रक्त काही कमी जात नाही. मी तरीही ते वापरते. एक तर त्या 'थोडंसं'ची किंमत डोळ्याशेजारी काम करणाऱ्यालाच कळते, आणि दुसरं म्हणजे पेशंट उठल्यावर उलट्या कमी होतात. नाकाच्या ऑपरेशननंतर जोरात ओकारी म्हणजे पुन्हा रक्त.

दुसऱ्या औषधाची स्टोरी मला जाम आवडते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एका औषध कंपनीत सर्दीसाठी नाकात टाकायचं नवं औषध बनवलं होतं. कल्पना साधी, नाकातल्या वाहिन्या आखडतील आणि चोंदलेलं नाक मोकळं होईल. ऑफिसातल्या सेक्रेटरीबाईंना सर्दी झाली होती, त्यांच्या नाकात थेंब टाकले. बाई झोपल्या. किती? जवळजवळ चोवीस तास! प्रेशर खाली, नाडी संथ, आणि सगळ्यांची पळापळ. सर्दीचं औषध म्हणून ते गेलं ते गेलंच, पण ब्लडप्रेशरची एक नवी गोळी मिळाली. नाव क्लोनिडीन.

ह्याच घराण्यातली पुढची पिढी म्हणजे डेक्समेडेटोमिडीन. नाव घेता-घेता पेशंट झोपेल, म्हणून आम्ही नुसतं 'डेक्स' म्हणतो. फिनलंडमध्ये ते तयार झालं. त्याचं मूळ भावंड कुत्र्या-मांजरांना गुंगी द्यायला वापरायचे. १९९९ मध्ये अमेरिकेत ते आयसीयूतल्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी मान्य झालं. आता नाकाच्या ऑपरेशनात आमच्या ट्रेवर ते रोजच असतं. म्हणजे बघा, साठ वर्षांपूर्वी जे रेणू नाकासाठी निघाले, ते जगभर फिरून पुन्हा नाकातच आले. फक्त ह्या वेळी दंडातल्या शिरेतून.

डेक्स करतं काय? मेंदूच्या मागच्या भागात एक इवलासा निळसर ठिपका आहे. तुम्ही जागे असता, डेडलाइनमागे धावता, बॉसचा मेल बघून दचकता, तेव्हा हा ठिपका अ‍ॅड्रेनॅलिनच्या सख्ख्या भावाचा फवारा मेंदूत मारत असतो. डेक्स जाऊन त्या ठिपक्याला म्हणतं, 'बस की राव, बस.' झोप येते, आणि ती बरीचशी नैसर्गिक झोपेसारखी. हाक मारली तर पेशंट डोळे उघडतो, 'हं' म्हणतो आणि परत झोपतो. श्वास फारसा मंदावत नाही. अंगभर पसरलेलं ताणाचं जाळं सैल पडतं, ठोके कमी होतात, प्रेशर हळूच उतरतं. दुखणंही थोडं कमी वाटतं, म्हणून बाकीची औषधं कमी लागतात. सायनसच्या सर्जनला जे-जे हवं, ते सगळं एका बाटलीत!

फुकट काहीच मिळत नाही हे तुम्हाला क्रेडिट कार्डवाल्यांनी शिकवलंच असेल. ठोके कमी करणारं औषध ठोके जरा जास्तच कमी करू शकतं. आणि थांबवलं म्हणून लगेच उतरत नाही. निम्मं औषध शरीराबाहेर जायला साधारण दोन तास लागतात. किलोमागे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढ्याशा डोसची ही करामत. तोही घाईत द्यायचा नाही, दहा मिनिटं घेऊन.

ह्याच मुद्द्यावर मला मागच्या पावसाळ्यातला एक पेशंट सांगायचाय. त्याला आपण निनाद म्हणू. वय एकतीस, हिंजवडीत नोकरी, बाणेरला घर, ईएमआय, आणि दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप. पाच-सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात एकदा ऑपरेशन झालेलं, पॉलिप परत आलेले. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला तो आला तो आई आणि बायको ह्या दोन्ही पक्षांना घेऊन.

आई म्हणाल्या, 'डॉक्टर, भूल जरा बेतानेच द्या हं. हा मुळातच विसराळू आहे.'

'आई!' निनाद ओरडला.

'अहो, लग्नाचा वाढदिवस विसरला होता,' बायकोने पुरावा दिला.

मी हसत-हसत त्याचा हात धरून नाडी मोजली आणि हसणं थांबवलं. शेहेचाळीस. परत मोजली. शेहेचाळीसच.

'पळतोस का?'

'हो मॅडम. तीन हाफ मॅरेथॉन झाल्या. ह्या वर्षी फुल करायची होती, पण नाक बंद असलं की रात्री झोपच लागत नाही.'

ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. नियमित धावणाऱ्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. तब्येत ठणठणीत. पण मला हवं असलेलं औषध नेमकं तेच ठोके आणखी कमी करणार. दुसरीकडे त्याचा सीटी स्कॅन. आमचे नाकाचे सर, माझ्याहून बरेच सीनियर, त्यांनी पेनच्या टोकाने मला दाखवलं. उजव्या डोळ्याशेजारचा तो कागदी पत्रा एका जागी नव्हताच. आधीच्या ऑपरेशनात गेला असेल किंवा जन्मतः नसेल, काही लोकांत नसतो. डोळ्याभोवतीची चरबी पॉलिपला जवळजवळ चिकटलेली.

'इथे मला लाल नकोय,' सर म्हणाले.

'आणि मला तिशीच्या घरात नाडी नकोय,' मी म्हटलं.

मी निनादला सगळं सांगितलं, हे औषध का द्यायचं, का जपून द्यायचं. त्याने इंजिनीअरसारखा प्रश्न टाकला, 'मग प्रेशर तुम्ही कितीपर्यंत खाली नेता?' ह्याचं उत्तर मला नेहमी नीट द्यावंसं वाटतं. प्रेशरचे वरचा-खालचा असे दोन आकडे तुम्हाला माहीत असतात. आम्ही त्यांच्या मधला एक सरासरी आकडा बघतो. निरोगी तरुण माणसात तो साठ ते सत्तरच्या दरम्यान ठेवला, तर मेंदू, किडनी, हृदय आपापलं सांभाळून घेतात. त्याखाली उतरायचं म्हणजे घाटात कठड्याच्या पलीकडे गाडी लावायची. त्यात सायनसच्या ऑपरेशनला डोकं वर ठेवतात, पंधरा-वीस अंश, म्हणजे शिरांमधलं रक्त खाली ओसरतं. चांगली युक्ती! पण प्रेशरचा पट्टा दंडावर असतो आणि मेंदू त्याच्यावर. दर दहा सेंटीमीटर उंचीमागे साधारण सात-साडेसात पॉइंट मेंदूला कमी मिळतात. दंडावर साठ दिसतंय म्हणून खूश व्हायचं, तर वर मेंदूच्या वाट्याला पन्नासच्या आसपास आलेलं असू शकतं. ज्याला आधीच बीपी आहे, त्याचा मेंदू तर वरच्या आकड्यांना सरावलेला. त्याच्यात साठ-सत्तरचा विचारही करायचा नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी डेक्सचा सुरुवातीचा मोठा डोस टाळला. मुख्य भूल पंपातून प्रोपोफॉलची, सोबत डेक्सची अगदी बारीक धार. नाकात आधीच अ‍ॅड्रेनॅलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या, त्याआधी काही दिवस पॉलिप आकसायला स्टिरॉइडच्या गोळ्या, डोकं वर. लोकांना वाटतं एकच जादूचं इंजेक्शन असतं. प्रत्यक्षात ही अशी भेळ असते.

डावी बाजू सुरेख झाली. सर गुणगुणत होते. सर गुणगुणले, की समजायचं मैदान दोनच्या खाली आहे.

उजवीकडे, नेमकं त्या उघड्या जागेजवळ, गुणगुणणं थांबलं. सक्शनचा सुर्र आवाज वाढला. स्क्रीनवर लाल पडदा. 'मॅडम, प्रेशर किती?'

'सरासरी बासष्ट. नाडी त्रेचाळीस.'

'थोडं खाली?'

मी मॉनिटरकडे बघितलं. नाडी बेचाळीस, एक्केचाळीस. नाडी वाढवायचं औषध माझ्या हाताशी भरून तयार होतं. पण ते दिलं, की ठोके उसळणार, डेक्स अंगात असताना प्रेशरही चढणार आणि सरांच्या समोरचं तळं अजून भरणार. न देता खाली जाऊ दिलं तर माझ्या बाजूने गाडी कठड्यापलीकडे. बाहेर दोन बायका बाकड्यावर बसल्या होत्या, आणि आत हे.

'नाही सर. ह्याच्या खाली नाही. डेक्स बंद करतेय. तुम्ही पट्टी भरा आणि पाच मिनिटं थांबा.'

सीनियर माणसाला थांबा म्हणणं किती जड जातं, हे तुमच्यातल्या प्रत्येकाला माहितीये ज्याने रिव्ह्यू मीटिंगमध्ये व्हीपीला 'नो' म्हटलंय. सर माझ्याकडे वळले. मास्कमुळे चेहरा कळत नव्हता. मग त्यांनी पट्टी मागितली, नाकात बसवली आणि हात बांधून स्टुलावर बसले. नाकाच्या ऑपरेशनातली पाच मिनिटं सिग्नलच्या नव्वद सेकंदांसारखी असतात, संपतच नाहीत. सिस्टरने गॉज मोजून घेतले. मी धाप लागल्यासारखी मॉनिटर वाचत होते, एक्केचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस.

पट्टी काढली. खाली गुलाबी अस्तर, कडेला एक बारीकशी धार. सरांनी ती जागा शेकवून बंद केली आणि दुर्बीण जरा मागे घेऊन मला स्क्रीनवर दाखवलं: पिवळसर चरबीचा एक ठिपका, हलकेच हलत असलेला. तो डोळ्याकडचा प्रदेश. 'दिसतंय आता,' म्हणाले. पुढची पंचवीस मिनिटं कोणी बोललं नाही. गुणगुणणंसुद्धा नाही.

मला वाचक विचारतात, एवढी भानगड कशाला, नाक बधिर करून जागेपणीच का नाही करत? करतात की! आपल्याकडे बरीच वर्षं करत आलेत, आणि छोट्या कामाला मीसुद्धा नाही म्हणत नाही. बधिर करणाऱ्या इंजेक्शनसोबत शिरेतून हलकी गुंगी. तिथे डेक्सचा खरा उपयोग, कारण पेशंट झोपतो पण खोकू शकतो, श्वास स्वतःचा चालू राहतो. पण नाकातलं रक्त घशात उतरत असतं आणि श्वासनलिकेत आमची नळी नसते. अशा वेळी कोणी गुंगी वाढवत नेली, तर घसा झोपतो आणि रक्त जागं राहतं. मोठ्या पॉलिपला, दुसऱ्यांदाच्या ऑपरेशनला, किंवा ज्याला टेबलवर पडल्या-पडल्या धडधडतं त्याला पूर्ण भूलच बरी, असं माझं स्पष्ट मत. जागेपणी घाबरलेल्या माणसाचे ठोके एकशे दहा असतील, तर मैदान कोरडं कसं राहणार?

आणि हो, तपासणीला आलात की प्लीज सगळं सांगा. मी पोलीस नाही आणि तुमची सासूही नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी (स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्याने लिहून दिली त्याला विचारून), बीपीची गोळी, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, जिममधल्या डब्यातली पावडर, वजन उतरवायची आठवड्याची इंजेक्शनं (ह्यांनी पोट उशिरा रिकामं होतं, उपाशी असलात तरी), सिगरेट, आणि वीकेंडला मित्राच्या टेरेसवर ओढलेला तो 'फक्त एक कश'. गांजाने ठोके वाढतात आणि भुलीचा हिशेब चुकतो. आई-बाबा शेजारी बसले असतील तर खूण करा, मी त्यांना फाइल आणायला पाठवते. ही माझी जुनी ट्रिक आहे. दमा असेल आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या पेनकिलरने कधी धाप लागली असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. पॉलिपवाल्यांमध्ये ही जोडी पुष्कळदा सापडते.

निनाद उठला हळू. डेक्सवाले पेशंट तसेच उठतात, रविवारी दुपारी आमरस-पुरीनंतर उठल्यासारखे. त्याचा एक फायदा फार मोठा: नळी काढताना धडपड नाही, खोकल्याची उबळ नाही, त्यामुळे नाकात नव्याने रक्त नाही. तोटा असा, की वॉर्डात जायला त्याला इतरांपेक्षा जवळपास पाऊण तास जास्त लागला, आणि बाहेर आई तेवढा वेळ देवाचं नाव घेत उभ्या. मी स्वतः जाऊन सांगितलं, झोपलाय, छान झोपलाय, नाडी पन्नास आहे. 'पन्नास? कमी नाही का?' 'त्याच्यासाठी जास्तच आहे हो, काकू!'

संध्याकाळी राउंडला गेले तर साहेब नाकात पॅक, डोळे अर्धे मिटलेले आणि हातात मोबाइल. ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी अ‍ॅप्रूव्ह करत होते. मी फोन काढून बायकोकडे दिला. भुलीनंतर चोवीस तास गाडी नाही, सही नाही, पैशांचा व्यवहार नाही. माणूस बोलतो नीट, वाटतो जागा, पण निर्णय घेणारा भाग अजून गादीवरच असतो.

उजव्या डोळ्याला काही झालं नव्हतं. दोन्ही डोळ्यांनी त्याला माझी चार बोटं चारच दिसली, बुबुळं सगळीकडे फिरली. सर खिडकीशी उभे राहून ते बघत होते. जाताना म्हणाले, 'उद्याच्या लिस्टमध्ये दोन पॉलिप आहेत, दोघंही बीपीवाले. लवकर या, आधी चहा घेऊ आणि बोलू.'

निनादचा दहा दिवसांनी मेसेज आला. कॉफीचा वास आला म्हणे, पहिल्यांदाच, बायकोने दुधाचं पातेलं करपवलं त्याचाही आला. पळायला कधी सुरू करू? मी लिहिलं, ते सरांना विचार, माझ्या खात्यात नाही. तोवर नाक शिंकरू नकोस, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून दे.